वेड पांघरून पेडगावला

मंडळी, आमच्या गावाचं नाव सांगितलं की समोरचा हसतोच. "म्हणजे वेड पांघरून जातात तेच का?" पुण्यात नोकरीला लागल्यापासून ऐकतोय. तर खुलासा असा, की श्रीगोंद्याजवळ भीमेच्या काठावर आणखी एक पेडगाव आहे, बहादूरगडाचं. म्हणीचा मान लोक बहुतेक त्यालाच देतात. आमचं पेडगाव परभणीचं. नुसत्या नावावर विसंबलं की माणूस भलत्याच गावाला पोचतो, एवढं आम्ही पेडगावकर लहानपणीच शिकतो.

गेल्या शनिवारी गावी गेलो तेव्हा एका पुस्तकाने हीच गोष्ट पुन्हा शिकवली. पुतण्यासाठी मीच ऑनलाइन मागवलं होतं. विषय वाचूनच उडालो होतो: चिमणराव-गुंड्याभाऊ आणि शेरलॉक होम्स एकत्र! काळ १९३५, स्थळ पुणे, शनिवारवाड्यात चोरी. अजून काय पाहिजे? पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव सांगत नाही. हौसेने लिहिलंय बिचाऱ्याने, आणि माझा राग त्याच्यावर तितकासा नाहीच.

आधी बारीकसारीक सांगतो. बाराव्या पानावर गुंड्याभाऊ चिमणरावांचा सख्खा धाकटा भाऊ, चाळिसाव्या पानावर शेजारी. काऊ, म्हणजे चिमणरावांची बायको, एका प्रकरणात चक्क मुलगी झालीय. एकाच पानावर वॉटसन, वॅटसन आणि वाटसन असे तीन डॉक्टर. मधला एक परिच्छेद दोनदा छापलाय. आमच्याकडे दोन ब्रँच मर्ज करताना कॉन्फ्लिक्ट आला तर निदान मशीन ओरडतं तरी. इथे कुणीच ओरडलं नाही, थेट प्रॉडक्शनला!

कुणी म्हणेल, चुका काय मूळ लेखकही करतात. अगदी मान्य. पहिल्या कादंबरीत वॉटसनला गोळी खांद्यात लागलेली असते आणि दुसरीत तीच जखम पायात जाते. सर्व्हांतेसच्या डॉन किखोतेची तर गंमतच आहे. १६१४ साली आवेयानेदा असं टोपणनाव घेतलेल्या कुणीतरी त्याचा बनावट दुसरा भाग छापला. सर्व्हांतेस भडकला. १६१५ साली खरा दुसरा भाग काढून त्याने त्या बनावट पुस्तकाची त्यातच यथेच्छ टर उडवली. एक तक्रार अशी, की सांचो पान्साच्या बायकोचं नाव चुकवलंय. आणि ते 'चुकीचं' नाव स्वतः सर्व्हांतेसनेच पहिल्या भागात एके ठिकाणी वापरलेलं होतं!

तर चुकांपुरतं मी कुणालाही माफ करीन. माझं दुखणं वेगळं आहे.

चिं. वि. जोशींच्या गोष्टी आपण कशासाठी वाचतो? घटनांसाठी? मुळीच नाही. चिमणराव स्वतः गोष्ट सांगतात म्हणून वाचतो. फजिती त्यांची होते, सांगतात तेच, आणि आपलं काय हसं झालं हे त्यांना धड कळलेलंही नसतं. ते वाचकाला कळतं. आता होम्सकडे बघा. तिथेही सांगणारा होम्स नाही, वॉटसन आहे. त्याने सगळं पाहिलेलं असतं, पण अर्थ लागलेला नसतो. म्हणजे पुण्याचा भिडस्त कारकून आणि लंडनचा डॉक्टर एकाच जातीचे: डोळ्यांसमोर घडतंय आणि डोक्यात शिरत नाही. या दोघांनी एकाच चोरीची हकिगत आळीपाळीने सांगितली असती तर? नुसत्या कल्पनेनेच मला ट्रेनमध्ये हसू येत होतं.

पुस्तकात काय आहे? सगळी गोष्ट तृतीयपुरुषी. "चिमणराव घाबरले." "वॉटसन आश्चर्यचकित झाले." संपलं! नावं आणली, आवाज आणलाच नाही.

आणि हिशोबही कुणी केला नाही. 'हिज लास्ट बो' ही गोष्ट १९१४ सालची, त्यात होम्स साठीचा आहे. म्हणजे १९३५ साली एक्याऐंशीचा. कधीच निवृत्त होऊन ससेक्समध्ये मधमाश्या पाळणारा म्हातारा. इथे तो शनिवारवाड्याच्या तटावरून उडी मारतो. अहो, तो एक्याऐंशीचा म्हातारा चिमणरावांच्या घरी पाटावर बसवला असता आणि गुंड्याभाऊने त्याला आग्रह करकरून जेवू घातलं असतं, तर त्यातच निम्मी कादंबरी झाली असती.

अशा मिसळीला माझा विरोध नाही. १९०६ साली मॉरिस लब्लाँने आपल्या आर्सेन ल्युपँच्या गोष्टीत होम्सला आणलं, कॉनन डॉयलने हरकत घेतली, तर पठ्ठ्याने अक्षरं फिरवून त्याचा 'हर्लॉक शोल्म्स' केला. पण ल्युपँ ल्युपँच राहिला, म्हणून ती गोष्ट आजही वाचतात.

आणि हे आत्ताच लिहायचं कारण आहे. चिं. वि. १९६३ साली गेले. आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो, म्हणजे १ जानेवारी २०२४ पासून चिमणराव मोकळे झाले. कुणीही त्यांच्यावर लिहावं, छापावं. हे चांगलंच आहे, पात्रं अशीच पुढे जगतात. पण कायद्याचं कुंपण गेलं की राखण करायला उरतो फक्त संपादक. ज्या मराठीत श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्यासारखे संपादक एकेका शब्दासाठी लेखकाशी पत्रव्यवहार करत, तिथे आज हस्तलिखित एकदाही न वाचता पुस्तक बाहेर पडतं. लेखक चुकणारच हो. मीही रोज चुकतो, म्हणून तर कोड रिव्ह्यू असतो. राग आहे तो रिव्ह्यू न करणाऱ्यावर.

रविवारी सकाळी पुतण्याने विचारलं, "काका, चिमणराव म्हणजे तो भित्रा डिटेक्टिव्ह ना?" सातवीत आहे. त्याची चिमणरावांशी ही पहिली ओळख, आणि ती मीच करून दिली. काय बोलणार? माळ्यावर चढलो. वडिलांचं कव्हर गेलेलं, वाळवीने एक कोपरा खाल्लेलं चिं. विं.चं जुनं पुस्तक सापडलं. झटकून त्याच्या हातात दिलं. अर्ध्या तासाने ओसरीवरून खिदळण्याचा आवाज आला.

असो. संध्याकाळी परतीची गाडी होती. ते दुसरं पुस्तक सोबत घेऊन आलोय, चुकांवर पेन्सिलने खुणा करतोय. प्रकाशकाला पाठवणार आहे. उत्तर येईल असं वाटत नाही, पण रिव्ह्यू कुणीतरी करायला हवाच ना?