आडनाव नसलेली चावडी

बीड जिल्ह्यात अनेकदा माणसाचे म्हणणे ऐकण्यापूर्वी त्याचे आडनाव विचारले जाते. आरक्षणाचा वाद आणि डिसेंबर २०२४ मध्ये झालेली मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या, यांनंतर जातीय तेढ इतकी वाढली, की २०२५ मध्ये जिल्हा पोलिसांनी आपल्या नामफलकांवरून आडनावेच काढून टाकली.

आष्टी तालुक्यातील कड्यासारख्या गावी सारेच एकमेकांना ओळखतात. तेथे स्वजातीच्या मताविरुद्ध उघडपणे बोलणे सोपे नाही. अशा तरुणाला मराठी महाजालाने एक वाट दाखविली आहे. १९९६ मध्ये ‘मायबोली’ आणि २००७ मध्ये ‘मिसळपाव’ ही संकेतस्थळे सुरू झाली. त्यांची मांडणी साधी: टोपणनाव, मजकूर आणि त्याखाली ओळीने येणारे प्रतिसाद. लिहिणाऱ्याचा चेहरा वा आडनाव समोर नसल्याने वाचकाला युक्तिवादच तपासावा लागतो.

अर्थात, निनावीपणाला काळी बाजूही आहे. २००३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘फोरचॅन’वर याच आडोशाने द्वेष आणि छळ फोफावला. तेथे बहुतेकांना टोपणनावही नसते. मराठी स्थळांवर मात्र तेच टोपणनाव वर्षानुवर्षे चालते, त्यामुळे त्याची पत जपावी लागते.

माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. तरी बदनामीचा कायदा टोपणनावालाही सोडत नाही. त्यामुळे खऱ्या नावाच्या सक्तीपेक्षा चोख संपादनाचा आग्रह धरणे अधिक शहाणपणाचे. आडनाव न सांगता बोलता येणे ही आज बीडची निकड आहे.