रंगाची साक्ष

आमच्या सांगवीत माप हा मोठा नाजूक विषय आहे. उसाची गाडी काट्यावर चढली की मालकाचा जीव टांगणीला लागतो आणि डेअरीत फॅट लागेपर्यंत दूध घालणाऱ्याला चैन पडत नाही. मी मराठीचा प्राध्यापक, तरी “मास्तर, माप बरोबर असंल ना?” हा सवाल मलाच! मास्तराला सगळेच येते, अशी गावाची समजूत आहे.

तेव्हा आज एका निराळ्या मापाविषयी लिहितो. रक्तात एखादे ठरावीक प्रथिन आहे का आणि किती, हे ते सांगते. त्याचे नाव एलायझा. एखाद्या मडमेला शोभेल असे हे नाव. पण ही आहे एक तपासणी. १९७१ साली ईवा एंगवाल आणि पीटर पर्लमन यांनी स्टॉकहोममध्ये तिची रीत प्रसिद्ध केली.

नीरेत गळ टाकून बसणाऱ्या पोरांना तिची करामत चटकन कळेल. तळहाताएवढ्या प्लॅस्टिकच्या ताटलीत ९६ खळगे असतात. प्रत्येकाच्या तळाशी आमिष चिकटवलेले. त्यात रक्तातला पातळ भाग घातला की हवे ते प्रथिन आमिषाला धरते. बाकीचे धुऊन टाकायचे. मग रंग आणणाऱ्या एन्झाइमची जोड दिलेले दुसरे प्रथिन सोडायचे. ते पकडलेल्या प्रथिनालाच चिकटते. पुन्हा धुवायचे आणि शेवटी रसायन घालायचे, की रंग उमटतो. आधीच माहीत असलेले नमुने शेजारच्या खळग्यांत असतात. त्यांच्याशी रंग ताडून पाहायचा.

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२० च्या मे महिन्यात करोनासाठी असाच संच सिद्ध केला. नाव ‘कोविड कवच’. आमिष म्हणून निष्प्रभ केलेला विषाणू आणि गळाला लागायची ती आपल्या शरीराने त्याच्याविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडे. तीही प्रथिनेच.

पण वाचकहो, गळाला कधी कधी भलताच मासा लागतो! त्याच मे-जूनमध्ये देशातल्या ७० जिल्ह्यांत, आपल्या बीड, परभणी, सांगलीतही, २८,००० प्रौढांचे रक्त या संचाने तपासले गेले. शंभर निरोगी माणसांत दोघांवर जरी खोटा आळ आला, तरी २८,००० त साडेपाचशेंवर आळ येतो. आणि अखेर लागण निघाली ०.७३ टक्के, म्हणजे त्या हिशेबाने जेमतेम दोनशे जणांना! खऱ्यांपेक्षा खोट्यांचीच गर्दी झाली असती. म्हणून पहिल्या संचाने ‘आहे’ म्हटलेला प्रत्येक नमुना दुसऱ्या संचावर पुन्हा तपासला गेला. दोन्ही साक्षी जुळल्या, तरच होकार.

मला या शास्त्रज्ञांचे हेच फार आवडले. आपल्या घरात रिपोर्टचा कागद आला, त्यात एका आकड्याखाली रेघ दिसली, की आई देव पाण्यात ठेवते आणि शेजारच्या काकू औषध सांगून मोकळ्या होतात. रंग खोटे बोलत नाही. पण तो एकटा साक्षीदार आहे. दुखणे काय म्हणते, दुसरी तपासणी काय म्हणते, हे डॉक्टरांना शांतपणे विचारावे. आमच्या गावचा शेतकरीसुद्धा काट्याचा संशय आला, तर गाडी दुसऱ्या काट्यावर नेऊन पाहतो. मगच भांडतो.