हातपाय कोमट होईपर्यंत

रायगड जिल्ह्यातल्या सव, बिरवाडी, पोलादपूर या पट्ट्यात लाल विंचू नवा नाही. लाकडाच्या ढिगात, पेंढ्यात, गडग्याच्या दगडांत तो असतोच. मोठ्या माणसाला चावला तर बऱ्याचदा नुसता ठणक. तान्ह्या, रांगत्या पोराला चावला तर घाम, उलट्या, थंडगार हातपाय आणि बघता बघता फुफ्फुसात पाणी.

१९७६च्या सुमारास डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले, तेव्हा अशा लेकरांना वाचवणारं औषध हाताशी नव्हतं. रक्तदाबावरची प्राझोसिनची गोळी विंचवाच्या विषावर चालते, हे त्यांनी याच मुलुखातल्या रुग्णांच्या उशाशी बसून दाखवून दिलं. पुढे महाडमध्ये त्यांनी आणि त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी हेच काम चालवलं. २०२२ साली डॉ. हिंमतरावांना पद्मश्री मिळाली. आम्हाला त्याहून मोठी वाटते ती त्यांची तिथं थांबण्याची जिद्द.

या उपचारात आईची परीक्षा असते. गोळी दिल्यावर मूल आडवंच ठेवायचं, कारण एकदम उचललं तर रक्तदाब घसरतो. रडणाऱ्या लेकराला मांडीवर न घेता नुसतं त्याच्या पावलावर हात ठेवून बसायचं, पाऊल कोमट होईपर्यंत. रात्रभर जागणाऱ्या या आयांबद्दल कुठं फारसं लिहिलं जात नाही. म्हणून हा अंक त्यांच्यासाठी.

वाचकहो, विंचू चावला तर मंत्र, पाला, उतारा यांत तास घालवू नका. मूल थेट दवाखान्यात न्या.