कार्बोरेटर बदलण्याआधी नीडल बघा

जुनी मोटारसायकल सकाळी सुरू करायला जावं, तर खाली पेट्रोलचा ओला डाग, नाकात वास आणि कार्बोरेटरच्या पाइपातून थेंब चालूच. मालक कॉक बंद करतो, गाडी ढकलत गॅरेज गाठतो आणि तिथे दोन मिनिटांत निकाल लागतो: ‘कार्बोरेटर गेला, नवा टाकू.’ हा निकाल बहुतेक वेळा घाईचा असतो. ओव्हरफ्लो होणाऱ्या कार्बोरेटरची बॉडी सहसा ठणठणीत असते. बिघडलेला असतो तो आतला शे-दोनशे रुपयांचा एखादा भाग, आणि तो नेमका कोणता हे शोधायला अर्धा-पाऊण तास लागतो. तेवढा वेळ कुणी द्यायला तयार नसतं, म्हणून चांगले कार्बोरेटर भंगारात जातात आणि त्यांच्या जागी डुप्लिकेट माल बसतो.

हा विषय मूठभर हौशी लोकांपुरता नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले आणि दुचाकींमध्ये फ्युएल इंजेक्शन सरसकट आलं. त्याआधीच्या बहुतांश गाड्या कार्बोरेटरवरच्या. १९९४ मध्ये आलेली स्प्लेंडर, १९८५ ते १९९६ या काळात बनलेली यामाहा आरएक्स १००, म्हैसूरच्या कारखान्यातली येझदी, मिककार्ब बसवलेली जुनी बुलेट या सगळ्या त्यात आल्या. यातल्या काही हौसेने जपलेल्या आहेत. स्प्लेंडर मात्र आजही दूध घालते, शेतावर जाते, मुलांना शाळेत सोडते. पंधरा वर्षं झाली की मालक तिची फेरनोंदणी करून घेतो आणि ती पुन्हा कामाला लागते.

कार्बोरेटरच्या तळाशी पेट्रोलची छोटी वाटी असते, मिस्त्री तिला बाऊल म्हणतात. बाऊलमध्ये फ्लोट तरंगतो. पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो, त्याची पितळी पट्टी नीडलला ढकलते आणि नीडलचं टोक सीटच्या भोकात बसून टाकीतून येणारी धार बंद करतं. गच्चीवरच्या टाकीतला बॉलकॉक हेच काम करतो. विल्हेल्म मायबाखने १८९३ च्या सुमारास फवारा मारणारा कार्बोरेटर बनवला, त्यातही पातळी राखायला फ्लोटच होता. सव्वाशेहून अधिक वर्षांत जेट बदलले, स्लाइड बदलल्या. फ्लोट आणि नीडलची ही जोडी राहिली.

आता या जोडीवर भार किती पडतो ते बघा. टाकीतलं पेट्रोल कार्बोरेटरपेक्षा जेमतेम फूटभर उंच असतं. त्याचा दाब टायरमधल्या हवेच्या दाबाच्या पन्नासाव्या हिश्शाहूनही कमी भरतो. इतका हलका दाब अडवायचा असल्याने फ्लोटचा जोरही हलकाच ठेवलेला असतो. त्यामुळे सीटवर गंजाचा एक कण बसला तरी नीडल पूर्ण मिटत नाही. टाकी फुल केल्यावरच गळतं, अर्धी असताना गळत नाही, अशी तक्रार गॅरेजमध्ये येते, तिचं कारण हेच. नीडल काठावर आलेली असते आणि भरलेल्या टाकीचा जादा दाब तिला झेपत नाही.

म्हणून पहिली पायरी कार्बोरेटर उतरवण्याची नाही. आधी कॉक बंद करून पाइप काढावा आणि पाइपाखाली भांडं धरावं. कॉक बंद असूनही थेंब पडत असेल तर कॉकही दुरुस्तीला आला आहे. ओव्हरफ्लो त्याच्यामुळे होत नाही, पण गाडी उभी असताना रात्रभर गळत राहण्याला तोच जबाबदार आहे. मग स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने बाऊलवर दोन-चार हलक्या टिचक्या माराव्यात. बरेच दिवस उभ्या गाडीत पेट्रोल उडून चिकट थर मागे राहतो आणि नीडल अडकते. ती टिचकीने सुटते आणि गळणं थांबतं. थांबलं आणि पुन्हा झालं नाही, तर विषय मिटला. दुसऱ्या दिवशी परत सुरू झालं, तर कार्बोरेटर उघडावाच लागेल.

उघडण्याआधी एक चाचणी मात्र चुकवू नये. बाऊलच्या ड्रेनला पारदर्शक नळी लावायची, नळीचं दुसरं टोक कार्बोरेटरला खेटून वर धरायचं, ड्रेनचा स्क्रू सैल करायचा आणि कॉक चालू करायचा. गाडी मेन स्टँडवर सरळ उभी हवी, कारण साइड स्टँडवर पातळी तिरकी होते. नळीत पेट्रोल चढू लागतं. नीडल-सीटचा हा व्हॉल्व्ह नीट मिटत असेल तर बाऊल जिथे बॉडीला जोडलेला असतो त्या सांध्याच्या थोडं खाली ते थांबतं आणि तिथेच राहतं. थांबून पुन्हा हळूहळू सरकत वर गेलं, तर नीडल, सीट किंवा फ्लोट यांतलं काहीतरी दोषी आहे.

पण पातळी जागच्या जागी थांबली आणि नळी खाली सोडून ड्रेन बंद केल्यावर मात्र थेंब सुरू झाले, तर नीडलला हात लावू नये. बाऊलमध्ये पितळेची एक बारीक उभी नळी असते. पातळी वाढली तर जादा पेट्रोल तिच्यातून बाहेर पडावं म्हणून तिची योजना असते. तिला उभी चीर गेली की पातळी बरोबर असतानाही पेट्रोल त्या चिरेतून पाझरत राहतं. हा दोष चटकन दिसत नाही. नीडल दोनदा, फ्लोट एकदा बदलूनही गळती थांबत नाही, तेव्हा मिस्त्री वैतागून अख्खा कार्बोरेटर बदलतो. खरं तर बाऊल काढून, पुसून, त्यात नेहमीच्या उंचीइतकं पेट्रोल ओतून वर्तमानपत्रावर ठेवला की पाच-दहा मिनिटांत उत्तर मिळतं. कागद ओला झाला, तर दोष त्या नळीत किंवा ड्रेन स्क्रूच्या ओरिंगमध्ये.

व्हॉल्व्हवरच संशय असेल तर फ्लोटची पिन सरकवून नीडल हातात घ्यावी आणि भिंगाखाली फिरवावी. चांगल्या नीडलचं टोक सगळीकडून सारखं, निमुळतं दिसतं. झिजलेल्या टोकाला सीट जिथे टेकते तिथे गोल वळ पडलेला असतो. नखाने चाचपला तरी लागतो. टोक रबरी असेल तर ते फुगलेलं किंवा कडक झालेलं सापडतं. नीडलच्या मागच्या बाजूला स्प्रिंगवर बसलेली बारीक पिन असेल, तर ती दाबून सोडावी. अडकत परत आली तर नीडल बाद. सीटमध्ये टॉर्च मारून बघावी. हिरवट-तपकिरी थर असेल तर कापसाच्या काडीला ब्रासो लावून तो पुसून काढावा आणि नंतर सीट स्वच्छ धुवावी. तार किंवा टाचणी घालू नये, कारण पितळेवर उठलेला ओरखडा नव्या नीडललाही मिटू देत नाही.

फ्लोटची परीक्षा सोपी आहे. पितळी फ्लोट कानाशी हलवला आणि आत पेट्रोल खळखळलं, तर तो भोक पडून जड झाला आहे. आवाज आला नाही तरी गरम पाण्यात बुडवून बुडबुडे येतात का ते बघावं. फ्लोटची उंची गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिलिमीटरमध्ये दिलेली असते, ती पट्टीने मोजावी. अंदाजाने पट्टी वाकवू नये. फ्लोट जागेवर असताना कंप्रेसरची हवा मारली तर तो पिचकतो, हेही लक्षात ठेवायला हवं. सगळं जोडल्यावर कार्बोरेटर उलटा धरून पेट्रोलच्या तोंडाला स्वच्छ पाइप लावून हलकं फुंकावं. फ्लोट आपल्या वजनाने बसलेला असताना हवा जाता कामा नये. तो बोटाने उचलला की जायला हवी. फुंकावं, पण पेट्रोल तोंडाने कधीही ओढू नये, ते फुफ्फुसात गेलं तर जिवावर बेततं.

काही वेळा कार्बोरेटरचा दोषच नसतो. प्लग काळा आणि ओला येतो, गाडी धूर टाकते, अॅव्हरेज पडतं, पण बाहेर एक थेंबही गळत नाही. अशा वेळी चोक पूर्ण परत येतो का आणि एअर फिल्टर तुंबला आहे का, हे आधी बघावं. स्कूटरमध्ये आणि काही मोटारसायकलींत व्हॅक्युमवर चालणारा कॉक असतो. त्याचा पडदा फाटला की पेट्रोल व्हॅक्युमच्या पाइपातून थेट इंजिनात जातं आणि बोल कार्बोरेटरला लागतो.

गळतंय तर गळू दे, पेट्रोल थोडं जास्त लागेल, असं म्हणून चालवत राहणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं. पेट्रोल उणे ४० अंश सेल्सियसलाही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत पसरते. आपल्याकडे कितीतरी इमारतींमध्ये विजेचे मीटर पार्किंगमध्येच असतात. स्प्लेंडरसारख्या गाडीत सिलिंडर आडवा आणि कार्बोरेटर त्याच्या वर. ओव्हरफ्लोची वाट तुंबलेली असेल तर पेट्रोल बाहेर न येता इंजिनाच्या उघड्या इनलेट व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये आणि तिथून रिंगांच्या फटीतून ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली आणि तिला पेट्रोलचा वास आला, तर गाडी सुरूच करू नये. पातळ झालेलं ऑइल बेअरिंगना वंगण देत नाही. सिलिंडर पेट्रोलने भरला असेल तर किक मध्येच घट्ट अडते. जोर लावून ती मारली किंवा सेल्फ दाबला, तर कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. प्लग काढून, ठिणगीची वाट बंद करून आधी पेट्रोल बाहेर काढावं, मग ऑइल बदलावं.

ओव्हरफ्लोच्या या तक्रारीमागे आणखी एक कारण आहे, आणि ते उसाच्या शेतापर्यंत जातं. फेब्रुवारी २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर यायला लागलं आणि २०२५ पर्यंत तेच सर्वत्र झालं. इथेनॉल ओलावा ओढतं, टाकीतला जुना थर सोडवतं आणि जुन्या गाड्यांमधलं रबर फुगवतं किंवा कडक करतं. पेट्रोलियम मंत्रालयानेही ऑगस्ट २०२५ मध्ये मान्य केलं, की काही जुन्या गाड्यांचे रबरी भाग आणि गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतात. ते काम स्वस्त आणि सोपं आहे, असंही सांगितलं. इथेनॉलमुळे राज्यातल्या साखर कारखान्यांना आणि ऊस उत्पादकांना बाजार मिळाला, ही चांगलीच गोष्ट आहे. पण तोच शेतकरी पंधरा वर्षांच्या गाडीवर कारखान्याला जातो. काम स्वस्त असेल, तर त्या गाडीसाठी इथेनॉलला टिकणारं नीडल-गॅस्केटचं अस्सल किट तालुक्याच्या दुकानात मिळायला हवं. ते देणं गाडी बनवणाऱ्या कंपन्यांचं काम आहे आणि त्यांच्याकडून ते करून घेणं सरकारचं.

जबाबदारी ग्राहकावरही येते. मिस्त्रीने पाऊण तास घालून चीर शोधली आणि बिलात शंभर रुपये मजुरी लावली, तर आपण घासाघीस करतो; त्याने नवा कार्बोरेटर टाकून दोन हजार घेतले तर मुकाट्याने देतो. सुट्या भागावर कमिशन मिळतं आणि शोधण्याच्या कामाचे पैसे मिळत नाहीत, मग शोधायचं कशासाठी, असं त्याला वाटलं तर त्याची चूक काय? निदानाची मजुरी वेगळी आणि रास्त ठरवून द्यावी. आधी नळीची चाचणी करा आणि ती माझ्यासमोर करा, असं स्पष्ट सांगावं.

टाकी गंजलेली असेल तर तीही त्याच फेरीत धुवून घ्यावी आणि कॉकची जाळी बदलावी, नाहीतर नवी नीडल महिनाभरात त्याच गंजाने गळू लागेल. कोकणात किंवा घाटमाथ्यावर पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी भरून आणि बाऊल रिकामा करून ठेवावा. आणि गॅरेजमधून निघताना काढलेली जुनी नीडल मागून घ्यावी. तिच्या टोकावर वळ दिसला तर पैसे योग्य जागी गेले. टोक नव्यासारखं असेल तर गाडी तिथेच थांबवून बाऊल पुन्हा उघडायला सांगावा.