प्लॅन देता का, प्लॅन?

या वीकेण्डला मॉल-मल्टिप्लेक्सचा कंटाळा आला असेल, तर एक हटके काम सांगतो. आपल्या कोकणातल्या फत्तेमारीचा, म्हणजे शिडाच्या लाकडी गलबताचा, प्लॅन शोधा. फोटो मिळतील, शोकेसमध्ये ठेवायची मॉडेल्स मिळतील. पण सुतारापुढे ठेवला की तो लगेच करवत उचलेल, असा कागद? जाम मुश्किल!

कारण सिंपल आहे, बॉस. गलबत बांधायचं तर आकार दाखवणारा लाइन्स प्लॅन हवा, त्याची मापं देणारं ऑफसेट टेबल हवं, फळ्यांची जाडी नि जोडणी सांगणारं ड्रॉइंग हवं, शिवाय डोलकाठी आणि शिडाचा प्लॅन. आपल्या किनाऱ्यावरच्या मिस्त्रींचा हिशोब मात्र डोळ्यात नि हातात. फ्रेंच नौदलातल्या फ्रान्स्वा-एदमाँ पारी यांनी आशियातल्या देशी बोटी मोजून त्यांची ड्रॉइंग्ज 1840 च्या दशकात छापली. त्यांत फत्तेमारीही आहे. सही काम! पण त्यातून आकार कळतो, मिस्त्रीच्या हातातलं कसब नाही.

मग कागदाशिवाय जहाज होतच नाही? होतं की! आयएनएसव्ही कौंडिण्य बघा. हाताशी काय होतं, तर अजिंठ्यातलं पाचव्या शतकातलं एक चित्र. ना माप, ना स्केल. नौदलाने त्यावरून डिझाइन बेतलं, आयआयटी मद्रासने मॉडेलच्या चाचण्या घेतल्या. गोव्यात केरळचे मिस्त्री बाबू शंकरन आणि त्यांच्या टीमने फळ्या काथ्याच्या दोरीने चक्क शिवल्या, खिळे न ठोकता! सप्टेंबर 2023 मध्ये सुरू झालेलं हे जहाज फेब्रुवारी 2025 मध्ये पाण्यात उतरलं. 29 डिसेंबर 2025 ला पोरबंदरहून निघालं आणि जानेवारी 2026 मध्ये मस्कतला पोहोचलंसुद्धा.

यातला खरा फंडा काय? आकार कम्प्युटरवर काढता आला, पण टाका किती घट्ट ओढायचा हे शिवणाऱ्या हातांनाच ठाऊक होतं. ते हात नसते, तर बेस्ट प्लॅनचीही रद्दीच झाली असती.

तेव्हा ऑटोकॅडवाल्यांनो, आर्किटेक्ट मंडळींनो, तुमच्यासाठी काम आहे. कोकणात गेलात की नुसते मासे चापून परतू नका. किनाऱ्यावर ओढून ठेवलेली जुनी लाकडी होडी दिसली, तर मालकाला विचारून टेप आणि ओळंबा काढा. मधोमध दोरी ताणा. दर दोन फुटांवर, वेगवेगळ्या उंचीला, दोरीपासून फळीपर्यंतचं अंतर लिहून घ्या. झालं तुमचं ऑफसेट टेबल! मग गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना गाठा, चहा मागवा आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग चालू करा. कुठली फळी आधी, लाकूड कसं वाकवायचं, सांधा कशाने भरायचा, सगळं विचारा.

होडी काय, अजून काही पावसाळे काढेल. काकांना मात्र याच सुट्टीत भेटा.