राजाचे मेज आणि सुताराची सही

व्हर्सायच्या राजवाड्यात पंधराव्या लुईच्या खाजगी दालनात एक लिहिण्याचे मेज आहे. फ्रेंच लोक त्याला ‘ब्यूरो द्यू र्वा’, म्हणजे राजाचे मेज, एवढेच म्हणतात. १७६० साली ते घडवायला घेतले आणि राजाच्या दालनात पोचले १७६९ साली. एका मेजाला नऊ वर्षे! आपल्याकडे तेवढ्यात घर बांधून, वास्तुशांत होऊन, ते पुन्हा रंगवायलाही येते.

एवढा वेळ का लागला, हे समजायला आधी राजाचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. या लुईला गुप्ततेची भारी हौस. आपल्याच मंत्र्यांना पत्ता लागू न देता तो परदेशांशी गुप्त पत्रव्यवहार चालवी. साहजिकच कागद सुरक्षित राहतील असे मेज त्याला हवे होते. वरचे गोलाकार झाकण ओढले की पसरलेले कागद जसेच्या तसे आत, आणि एका किल्लीच्या फिरकीत झाकण व खण सारे बंद. नोकराने दौतीत शाई भरायची ती बाजूच्या छोट्या कप्प्यातून. त्याचा हात कागदांपर्यंत पोचूच शकत नसे. वर दोन तोंडांचे घड्याळ आहे. पुढून बघा, मागून बघा, वेळ दिसते.

ही सारी कल्पना झां-फ्रान्स्वा ओबेन या कारागिराची. मूळचा जर्मन मुलखातला, पण पॅरिसमध्ये राजाचा कारागीर झालेला. अशा मेजाचा सांगाडा साध्या ओकचा असतो, त्यावर रंगीबेरंगी लाकडांच्या पातळ पापुद्र्यांचे जडकाम. करवतीने फुले-पाने कातरायची, पाकळीला सावली हवी तर तिची कड तापलेल्या वाळूत धरून किंचित करपवायची, मग सरसाने चिकटवायची. आज या कामाचे रंग तपकिरी दिसतात, पण नवे असताना ते चित्रासारखे भडक होते. उजेडाने उडाले.

पॅरिसच्या कारागीर-संघांचे नियम मोठे कडक. लाकूड कोरून खुर्च्या करणारा ‘मन्युझिए’ आणि जडकामवाला ‘एबेनिस्त’, म्हणजे मुळात आबनुसाचे काम करणारा. ब्राँझची नक्षी ओतणारे वेगळे, तिला सोन्याचा मुलामा देणारे आणखी वेगळे. आपल्याकडचे बडिगेर आणि कम्मार आठवा, म्हणजे चित्र डोळ्यांपुढे येईल. या मुलाम्याची गोष्ट मात्र वाचवत नाही. सोने पाऱ्यात कालवून लावायचे आणि आच देऊन पारा उडवायचा. त्या वाफा कारागिराच्या छातीत जात. झळाळी राजाच्या मेजाला, विष त्याच्या अंगात. कौतुक करताना हे विसरणे मला जमत नाही.

१७६३ साली ओबेन वारला. मेज अर्धवटच होते. संघाच्या नियमाने उस्तादाच्या विधवेला कारखाना चालवता येई आणि नवऱ्याचा शिक्काही वापरता येई. ओबेनची पत्नी फ्रान्स्वाज-मार्गरित कारागिरांच्याच घरातली होती, तिने कारखाना बंद पडू दिला नाही. झां-हेन्री रिझनेर हा तिथलाच एक कामगार, तोही जर्मन मुलखातला. तो काम करी आणि शिक्का पडे मेलेल्या ओबेनचा. १७६७ साली दोघांचे लग्न झाले, पुढच्या वर्षी रिझनेर स्वतः उस्ताद झाला आणि त्याच्या पुढच्या वर्षी मेज पुरे झाले. मेजाच्या जडकामातच लाकडाच्या अक्षरांत सही आहे: रिझनेर, १७६९, पॅरिसचे आर्सेनाल. ओबेनचे नाव तिथे नाही. ज्या बाईने मधली वर्षे कारखाना तगवून धरला, तिचे तर नाहीच नाही. रिझनेरचा हात मोठा होता यात वाद नाही, पण ही सही मला पुरी खरी वाटत नाही.

पुढे राज्यक्रांती झाली. १७९३-९४ मध्ये व्हर्सायचे सामान लिलावात निघाले, १७ हजारांहून अधिक नगांत. रिझनेरने आपलेच काही जुने काम विकत घेतले, पण राजाच नाही तर घेणार कोण? वर राजघराण्याच्या लाकडी सामानावरची राजचिन्हे काढून टाकण्याचे काम त्यालाच मिळाले. या मेजावरची चिन्हेही त्या काळात उतरवली गेली. १८०६ साली तो वारला तेव्हा पूर्वीच्या वैभवातले फारसे काही उरले नव्हते. मेज मात्र लूव्र संग्रहालयात बरीच वर्षे काढून पुन्हा व्हर्सायला आले.

ओबेनची मुलगी व्हिक्त्वार बाप गेला तेव्हा जेमतेम पाच वर्षांची होती. तिला १७९८ साली जो मुलगा झाला, तो युजेन दलाक्र्वा. हातात झेंडा घेऊन लोकांच्या पुढे धावणाऱ्या स्वातंत्र्यदेवीचे १८३० सालचे चित्र शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकात अनेकांनी पाहिले असेल. ते याच नातवाचे.