दारे धरताना टोपीवरचा दिवा

शेतपंपाला विजेची रात्रपाळी लागली की उसाला दारे धरायला उठावंच लागतं. दोन्ही हात खोऱ्याला. बॅटरी धरायची कुणी? म्हणून टोपीला अडकणारा छोटा चार्जिंगचा दिवा घेतला.

दुकानदार आधी लुमेन सांगतो. मी म्हणतो, आधी चाप बघा. चाप सैल असला तर वाकलं की दिवा पाटात. खोक्यावरचं ‘आयपीएक्स ४’ म्हणजे शिंतोड्यांपासून बचाव, बुडाल्यावरची हमी नव्हे! प्रखर उजेड लागतो तो मोटारीच्या पेटीपाशी. एरवी पायापुढची दोन पावलं दिसली की भागतं, घोणस असली तर तिथंच असणार. मंद उजेडावर चार्जिंग जास्त टिकतं आणि पाखरंही तोंडावर कमी येतात.

मोबाइलचा टाइप-सी चार्जर त्याला चालतो, ही मोठी सोय. आतली बॅटरी मात्र बदलता येत नाही, ही खोट.

दिवसा वीज देण्यासाठीची सौर कृषी वाहिनी आमच्या फीडरपर्यंत आली, तर हा खर्चच नको. तोवर घेणाऱ्यांनी दुकानातच दिवा टोपीला लावून चांगलं खाली वाकून बघावं. पडला, तर परत ठेवावा.